निरोगी म्हणून दिलेलं रक्त

स्केर कोव्ह, केप ब्रेटन
११ फेब्रुवारी २०१८

प्रिय इशी,

हे फोनवर बोलता येणार नाही. बोटीच्या इंजिनाशेजारी आयुष्य काढून माझा डावा कान गेलाय हे एक. दुसरं म्हणजे फोन स्वयंपाकघरात आहे, आणि मोरॅग सगळा दिवस तिथेच स्टोव्हपाशी पांघरूण घेऊन बसलेली असते. तिच्यासमोर तिच्याबद्दल काय बोलणार?

तिचं कॉलेज सुटलं. नाताळच्या सुट्टीला आली ती परत गेलीच नाही. आधी ताप यायचा आणि जायचा, तोंडात फोड यायचे. ते तिला लहानपणापासून आहेत, तुला माहीतच आहे. आता पोटात दुखतं आणि रक्त पडतं. जवळच्या सिडनी गावातल्या डॉक्टरांनी आतड्याचा आजार म्हणून स्टिरॉइड चालू केलं. त्यानं चेहरा फुगला आणि बाकीची पोरगी आटली. आरशासमोर उभी राहून म्हणाली, "बाबा, मी काडीला लावलेल्या भोपळ्यासारखी दिसते." मी हसलो, मग गोठ्यात जाऊन उभा राहिलो.

जीनच्या मनानं घेतलंय की हे तिच्या माहेरून आलं. तिचा भाऊ अँगस असाच गेला, आतड्याच्या ऑपरेशननंतर. ती काही बोलत नाही, पण रात्रंदिवस तेच चघळतेय.

तू तिची आत्या, आणि प्रयोगशाळेत इतकी वर्षं रक्ताशी खेळतेस. मला डॉक्टरी भाषेत नको, आपल्या भाषेत सांग. हे काय आहे?

तुझा,
लॉकी

---

बोस्टन
२० फेब्रुवारी

प्रिय लॉकी,

पहिलं म्हणजे मी डॉक्टर नाही. माझे पेशंट काचेच्या बशीत राहतात. तेव्हा मी लिहिते ते औषध समजू नकोस.

पण तू विचारलंस म्हणून सांगते. रक्तात काही पेशी पहारेकऱ्यासारख्या असतात. जंतू दिसला की पहिल्यांदा त्या ओरडतात, आणि त्यांच्या ओरडण्यानं ताप येतो, सूज येते. हे ओरडणं पेशीच्या आत कसं चालू होतं आणि कसं थांबतं, तेच आमचं काम. काही एन्झाइम आतल्या प्रथिनांवर चिठ्ठ्या चिकटवत जातात. चिठ्ठ्यांची माळ तयार झाली की पेशी आरडाओरडा सुरू करते. मग दुसरी एन्झाइम येऊन त्या चिठ्ठ्या कातरतात आणि पेशी गप्प होते. त्या कातरणाऱ्यांपैकी एकाचं नाव ए-ट्वेंटी. गेली सहा वर्षं माझं सगळं आयुष्य त्याच्याच मागे गेलंय. ते एन्झाइम कमी पडलं तर जंतू मेल्यावरही पेशी ओरडतच राहते, आणि मग जळतं ते आपलंच घर. तोंड, आतडी, सांधे.

मोरॅगला तेच असेल असं मी म्हणत नाही. असे लोक फार थोडे सापडलेत. पण तो दोष घराण्यातून उतरतो, आई किंवा वडील कोणा एकाकडून आला तरी पुरतो. म्हणून विचारते, आणि चिडू नकोस: आपल्या बाजूला काही आहे का? तुला कधी तोंडात फोड येतात का? आई शेवटी शेवटी दुधात बुडवलेला पावच खायची, ते का?

माझं बरं आहे. मोठा लेख स्वीकारला गेला, एप्रिलमध्ये छापून येईल. माणसाच्या पेशीत हे कातरकाम उंदरापेक्षा बरंच उशिरा सुरू होतं, असं आम्ही दाखवलंय. हॅना, म्हणजे आमच्या प्रमुख, पहिल्यांदाच मला कॉफी घेऊन आल्या. लेखातल्या निरोगी माणसांचं रक्त बरंचसं माझंच आहे. रक्त लागलं की सगळे माझ्याकडे बघतात. आमच्यातला टेरेन्स मला प्रयोगशाळेची गाय म्हणतो.

मोरॅगला माझा पापा.

इशी

---

स्केर कोव्ह
३ मार्च

इशी,

आपल्याकडे कोणाला काही नाही. मी आयुष्यात एकदा डॉक्टरकडे गेलो, तेही दोरात बोट अडकलं म्हणून. आईची कवळी बसत नव्हती, म्हणून ती पाव भिजवून खायची. मेलेल्या बाईचं तोंड आता उघडायचं कारण नाही.

तुझं पत्र जीनला वाचून दाखवलं. घराण्यातून उतरतो हे ऐकल्यावर ती उठली आणि अँगसचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात उलटा ठेवला. एवढं करून ती परत बटाटे सोलायला बसली. तुला हे कळावं म्हणून लिहितो. तुमच्याकडे बशीत जे होतं ते इथे माणसांना होतं.

मोरॅगचा गुडघाही सुजलाय. जिना बसून उतरते. पुढच्या आठवड्यात हॅलिफॅक्सला मोठ्या हॉस्पिटलात नेतोय. समुद्रात अजून बर्फ आहे, मासेमारीचे पिंजरे दुरुस्त करायचे पडलेत, आणि माझं कशात लक्ष नाही.

लॉकी

---

बोस्टन
१४ मार्च

प्रिय लॉकी,

रविवारी फोनवर तू रिसीव्हर आपटलास त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण मी जे मागितलं ते परत मागते. हॅलिफॅक्सच्या डॉक्टरांना सांग की ए-ट्वेंटीचं जनुक तपासा. सोबत एका कागदावर नाव नीट लिहून दिलंय, तेवढा कागद त्यांच्या हातात दे. आत्या शहाणपणा करते म्हणून सांग, वेडी आहे म्हणून सांग, पण दे.

मी इतका आग्रह का करतेय ते आत्ता सांगता येत नाही. मला इथे एक गोष्ट तपासून घ्यायची आहे. गेला आठवडा मी नवीन दोघांचं रक्त घेऊन जुने प्रयोग परत करतेय, आणि जे दिसतंय ते मला आवडलेलं नाही. माझी चूक असू शकते. चूक असावी अशीच माझी इच्छा आहे.

तोवर तुला एकच विचारते, आणि या वेळी जीन जवळ नसताना उत्तर दे. खरंच काही नाही?

इशी

---

हॅलिफॅक्स
२२ मार्च, गुरुवार

इशी,

मोरॅगच्या लॅपटॉपवर दोन बोटांनी लिहितोय, तेव्हा थोडक्यात.

मंगळवारी तिचं मोठं आतडं काढणार आहेत. आतड्याची भिंत इतकी पातळ झालीय की कधीही फुटेल म्हणतात. पुढे आयुष्यभर पोटाला पिशवी. ती एकोणीस वर्षांची आहे.

तुझा कागद दिला. इथल्या डॉक्टर लेब्लांक म्हणून आहेत, भल्या बाई आहेत, घाई करत नाहीत. त्यांनी नाव वाचलं आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "मिस्टर मॅकआस्किल, मी हा आजार ऐकलाय, पाहिलेला नाही. तो असेल तर ऑपरेशन करून फायदा नाही, जखमाच भरणार नाहीत. पेशींची ओरड थांबवणारं इंजेक्शन द्यावं लागेल. पण तो नसेल आणि मी थांबले, तर आतडं फुटून पोरगी जाईल. तपासणीला काही आठवडे लागतात. तुमच्या बहिणीला असं का वाटतं?"

मी म्हटलं, ती सांगत नाही.

त्या म्हणाल्या, "मग मी सर्जनना काय सांगू?"

अँगसचं ऑपरेशन झालं तेव्हा जखम भरली नव्हती. हे जीननं आज मला सांगितलं, खिडकीबाहेर बघत. मग म्हणाली, "माझ्या घरचं रक्त तिच्यात नसतं तर बरं झालं असतं." मी तिथे उभा होतो.

तुझ्याकडे काही असेल तर आता सांग. काही नसेल तर तसं सांग, म्हणजे मी सही करतो.

लॉकी

---

बोस्टन
२४ मार्च, शनिवार

लॉकी,

आहे. काल दुपारीच डॉक्टर लेब्लांकना सगळं पाठवलं आणि त्यांच्याशी बोलले. तुला हे मीच सांगायला हवं म्हणून लिहितेय.

आमच्या लेखात तीन निरोगी माणसांचं रक्त आहे. त्यातले दोघं लवकरच प्रयोगशाळा सोडून गेले, त्यामुळे बहुतेक प्रयोग तिसऱ्या माणसावर झाले. ती मी. माझ्या पेशींना जंतूचा तुकडा दाखवला की त्या ओरडतात, तसं ओरडायलाच हवं, पण त्या गप्प व्हायला फार वेळ घेतात. आम्ही त्यावरून ठरवलं की माणसात असंच असतं. माणसात असं नसतं. नव्या दोघांच्या पेशी उंदरासारख्याच वेळेवर गप्प झाल्या. फक्त माझ्या झाल्या नाहीत. मग मी माझं ते जनुक वाचून घेतलं. ए-ट्वेंटीच्या दोन प्रतींपैकी माझी एक तुटलेली आहे. अर्धंच एन्झाइम तयार होतं.

मला तोंडात फोड येतात, लॉकी. परीक्षेच्या वेळी यायचे, आता लेख लिहिताना येतात. मी ते कॉफीवर ढकलत आले. एखादं दुखणं सहा वर्षं अभ्यासायचं आणि ते आपल्याच तोंडात आहे हे कळू नये, याला काय म्हणावं ते मला कळत नाही.

हे गेल्या सोमवारपासून मला माहीत होतं. गुरुवारपर्यंत गप्प बसले. लेख छापायला गेला होता. त्याच्या आधारावर इथे आणखी दोघांची कामं उभी आहेत, हॅनांचं पुढचं सगळं नियोजन त्यावर आहे. मी स्वतःला म्हणत होते, मोरॅगची तपासणी होईलच, तिचं तिला कळेल, माझं नाव कशाला. मग तुझं पत्र आलं आणि मंगळवार कळला.

मी हॅनांच्या खोलीत गेले. त्या उभ्यानंच सँडविच खात होत्या. मी म्हटलं, "लेखातला तिसरा दाता मी आहे."

"माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे."

"तो दाता निरोगी नाही."

मी आलेख समोर ठेवले. त्यांनी ते एकावर एक धरून उजेडात पाहिले. मग सँडविच कागदात गुंडाळलं. म्हणाल्या, एप्रिलमध्ये लेख येऊ दे, मग सावकाश आणखी रक्त गोळा करून दुरुस्ती छापू, असं लोक करतात. मी म्हटलं की हेच आलेख मला आज हॅलिफॅक्सला पाठवायचे आहेत, माझं नाव घालून. एकदा ते तिकडे गेले की लेखात मला निरोगी म्हणता येणार नाही.

"तुझी भाची वाचेल याची खात्री आहे?"

"नाही."

"आणि लेख मात्र नक्की मरेल."

"हो."

त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पाठव. संपादकांना मी कळवते." त्यानंतर त्या माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत.

आता तुझी पाळी. डॉक्टर लेब्लांकना माझं एकटीचं पुरत नाही. आत्याकडे दोष आहे म्हणून भाचीत असेलच असं नाही. तो बापाच्या वाटेनं यावा लागतो. तुझ्यात काही नसेल तर माझं हे सगळं मोरॅगच्या कामाचं नाही, आणि मंगळवारी ऑपरेशन व्हायलाच हवं. म्हणून तिसऱ्यांदा विचारते, आणि आता मला नको सांगूस. त्यांच्यासमोर जाऊन तोंड उघड.

इशी

---

हॅलिफॅक्स
२८ मार्च

इशी,

तुझं पत्र शनिवारी संध्याकाळी वाचलं. रविवारी चर्चला जातो म्हणून बाहेर पडलो आणि बंदरावर बसून राहिलो.

मला लग्नाच्या आधीपासून फोड येतात. तोंडात येतात, आणि जिथे माणूस दाखवत नाही तिथेही येतात. मी मिठाच्या पाण्यावर आणि रमवर भागवलं. बोटीवर असताना कोणाला कळत नाही, आणि घरी आलो की थकलोय म्हणून गप्प राहायचं. आईलाही तेच होतं. मी लहान असताना तिला वाळत घातलेल्या कपड्यांआड रडताना पाहिलंय. लाज वाटायची, बाकी काही कारण नाही. तू पहिल्या पत्रात विचारलंस तेव्हा माझ्या जिभेखाली एक होताच.

मी परत आलो आणि जीनला कॉरिडॉरमध्ये बोलावून सांगितलं. वाटलं होतं की ओरडेल. ती शांतपणे म्हणाली, "फेब्रुवारीपासून मी स्वतःला दोष देत होते आणि तू बघत होतास." एवढंच. मग म्हणाली, "जा, डॉक्टरला सांग. उभा काय राहिलास?"

लेब्लांकबाईंनी माझं तोंड पाहिलं, पडदा ओढून बाकीचंही पाहिलं. मोरॅगला एकटीला भेटल्या. तिनं त्यांना जे सांगितलं ते तिनं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आमच्या पोरीनं लपवणं कोणाकडून उचललं हे वेगळं सांगायला नको. त्यांनी तुझं, माझं, तिचं एका रेषेत मांडलं, तुझे आलेख वर ठेवले आणि सर्जनशी भांडायला गेल्या. दारातून आवाज ऐकू येत होता, मला एका कानानंसुद्धा.

ऑपरेशन थांबवलंय. काल पहिलं इंजेक्शन दिलं. सर्जननी एक अट घातलीय: ताप चढला किंवा पोट टणक झालं, तर कोणालाही न विचारता आत घेणार.

आज सकाळी ताप चढला.

लेब्लांकबाई म्हणतात, इंजेक्शनला अजून वेळ द्यायला हवा. सर्जन दर थोड्या वेळानं येऊन पोट दाबून बघतात. मोरॅग मला म्हणाली, "बाबा, आत्याचं चुकलं असलं तरी तिच्यावर चिडू नका हं." मी बाहेर आलो आणि हे लिहायला बसलो. पुढे काय ते कळवतो.

लॉकी

---

बोस्टन
११ एप्रिल

लॉकी,

तुझं काही आलं नाही. जीनला फोन केला तर म्हणाली, "पोरगी आहे," आणि फोन ठेवला. आहे म्हणजे काय? डॉक्टर लेब्लांक मला सांगू शकत नाहीत, मी फक्त आत्या. बरं असेल तर दोन ओळी लिही. वाईट असेल तरी लिही. मी घालून दिलेल्या वाटेवर तुम्ही गेलात, तेव्हा ती कुठे पोचली ते मला कळायला हवं.

इथलं थोडक्यात. लेख मागे घेतला. ज्या मुलीचं काम त्यावर उभं होतं ती माझ्या शेजारच्याच टेबलावर बसते. तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. ती मला वाईट बोलली नाही, त्यानं जास्त लागलं. माझी नेमणूक जूनअखेर संपतेय, ती वाढवतील असं दिसत नाही. टेरेन्स आता मला गाय म्हणत नाही. फार जपून बोलतो, जणू मी फुटेन.

इथल्या डॉक्टरांनी मलाही तेच इंजेक्शन लिहून दिलंय. डबी फ्रीजमध्ये आहे. मोरॅगचं कळल्याशिवाय मला ती उघडवत नाही.

इशी

---

स्केर कोव्ह
१७ जून, रविवार

प्रिय इशी,

एप्रिलमध्ये मी तुला केलेल्या त्या फोननंतर तुला सगळं माहीत आहे, पण फोनवर मी धड बोललो नाही आणि तूही रडत होतीस. म्हणून नीट लिहितो.

त्या दिवशी ताप चढतच गेला. तिला ऑपरेशनसाठी न्यायची गाडी खोलीच्या दाराशी आणून ठेवली होती. लेब्लांकबाई पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या, घरी गेल्याच नाहीत. सर्जन आले, पोट दाबलं, गेले. परत आले, दाबलं. मग एका वेळी त्यांनी दाबलं आणि मोरॅग म्हणाली, "डॉक्टर, तुमचे हात गार आहेत." त्याआधी तिला गार-गरम काही कळत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गाडी परत न्यायला सांगितलं.

पुढचे दिवस मी लिहिलं नाही, कारण बरं चाललंय असं लिहिलं आणि पत्र पोचेपर्यंत उलटलं तर काय, ही भीती होती. तुला ताटकळत ठेवलं, ते चुकलं.

आता ती खाते. परवा ओटचा पाव आणि दोन मासे खाल्ले आणि माझ्या ताटातला बटाटा उचलला. गुडघा उतरला, चेहराही आपल्या जागी आला. तपासणीचा निकाल आला: तुझा, माझा, तिचा, तिघांचा दोष एकाच जागी. आम्ही दोघंही इंजेक्शन घेतो. माझं तीच टोचते आणि त्यात तिला जरा जास्तच मजा येते.

जीननं मात्र एप्रिल आणि मे माझ्याशी कामापुरतंच बोलून काढले. मीठ दे, गाडीत पेट्रोल घाल. निकाल आला त्या दिवशी म्हणाली, "गाडी काढ." मला अँगसच्या कबरीपाशी नेलं. स्वतः गाडीतच बसली. म्हणाली, "मी त्याला हिवाळाभर मनात शिव्या घातल्या. आता माफी तू माग." मी टोपी काढून उभा राहिलो. तुला माहीत आहे, माझं त्याच्याशी कधी पटलं नाही. काहीतरी पुटपुटलो. तिनं काच खाली घेतली आणि म्हणाली, "मोठ्यानं." मग मी मोठ्यानं मागितली. शेजारी कोणीतरी गवत कापत होतं, त्यानं यंत्र बंद केलं आणि ऐकत उभा राहिला.

फोटो परत भिंतीवर आलाय.

आज जेवताना मोरॅगनं विचारलं, तिला मुलं झाली तर त्यांनाही हे होईल का. मी म्हटलं, लेब्लांकबाई सांगतात, निम्मी शक्यता. ती काटा ठेवून म्हणाली, "बाबा, तुम्हाला आधी माहीत असतं, तर मला होऊ दिलं असतंत का?"

जीन नळाशी होती, तिनं नळ बंद केला. मी म्हटलं, तुझ्या आईला विचार.

"मला कशाला?" जीन म्हणाली. "मला आधी माहीत असतं तर मी या माणसाशी लग्नच केलं नसतं." आणि माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं. आधी मोरॅगला हसू फुटलं, मग जीनला. मला शेवटी. हसता हसता मोरॅग रडायला लागली, आणि जीन ओल्या हातानंच तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पण पोरीला उत्तर मिळालेलं नाही. ती आता वर खोलीत आहे, आणि हा प्रश्न तिनं थट्टेनं विचारलेला नव्हता. आम्हा दोघांना तो झेपत नाही. तिला ते तुझ्याकडूनच ऐकायचंय. तुझ्यातही तेच आहे, आणि तुला मूल नाही.

तेव्हा पत्र लिहू नकोस. ये.

तुझा,
लॉकी